उजवा हात मोकळा

मी बेडसे गावातून बोलतेय.

गेल्या बैठकीत गटाच्या बँकेच्या कामासाठी एका सुनेचं नाव पुढे आलं. पोरगी शिकलेली, हिशेबाला पक्की. पण कामशेतला स्कूटीवर जायचं तर ड्रेस घालावा लागणार, आणि त्यांच्या घरात सुनेने ड्रेस घातलेला चालत नाही. नाव मागे घेतलं. कुणी काही बोललं नाही. मीसुद्धा नाही. ते मनाला लागून राहिलं, म्हणून आज ज्ञानदानंदिनी देवींची गोष्ट सांगते.

या कलकत्त्याच्या ठाकूर घराण्यातल्या, रवींद्रनाथ टागोरांच्या वहिनी. त्यांचे यजमान सत्येंद्रनाथ हे आयसीएस झालेले पहिले भारतीय. आपल्या देहूच्या तुकोबांचे अभंग बंगालीत नेणारे तेच. 1864 मध्ये त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली आणि त्यांनी बायकोला बरोबर आणायचं ठरवलं. ज्ञानदानंदिनी तेव्हा जेमतेम चौदा वर्षांच्या.

पहिली अडचण आली कपड्यांची. तेव्हा बंगालमधल्या घरंदाज बायका आत परकर-झंपर न घालता एकच साडी गुंडाळायच्या. घरात ते चालायचं, पण चारचौघांत कसं जायचं? मग एका फ्रेंच दुकानातून पोशाख शिवून आणला. तो इतका अवघड, की एकटीला घालताच येईना! घरातून निघतानाही गाडीतून नको, म्हणून बोटीपर्यंत पालखी.

मुंबईत त्या माणकजी करसेटजींच्या पारशी घरी राहिल्या. तिथल्या बायका परकर-झंपरावर साडी नेसून बाहेर हिंडत. पदर मात्र उजव्या खांद्यावरून पुढे. ज्ञानदानंदिनींनी तो डाव्या खांद्यावर घेतला. उजवा हात कामाला मोकळा! पुढे त्यांनी 'बामाबोधिनी पत्रिका' या मासिकात जाहिरातच दिली, की ही नेसण शिकायची असेल तिला मी शिकवीन. बंगालमध्ये तिला मुंबईची पद्धत म्हणायचे. आज आपण नेसतो ती गोल साडी त्याच वळणाची.

आता आपल्याकडचं बघा. आपल्या आज्या नऊवारीचा काष्टा मारून भातलावणी करायच्या. माझ्या आईने पहिल्यांदा गोल साडी नेसली, तेव्हा आजीने दोन दिवस अबोला धरला होता. "पाय बांधून घेतलेस," म्हणाली. आणि आता तीच गोल साडी संस्काराची झाली! आपल्या लेण्यांच्या खांबांवर हत्ती-घोड्यांवर बसलेल्या बायका कोरल्यात, त्यांच्या अंगात तर झंपरही नाही. दोन हजार वर्षं झाली, बसल्यात मजेत.

बँकेच्या कामाचं नाव अजून कळवलेलं नाही. पुढच्या बैठकीत मी तो विषय परत घेणार आहे. मावशी, तुम्ही चुलीपाशी रेडिओ लावता, मला माहीत आहे. बैठकीला सुनेला घेऊनच या.