घरपट्टीची आकारणी आणि अपिलाचा हक्क



राज्याच्या अंदाजपत्रकावर भाषणे पुष्कळ होतात. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर क्वचितच कोणी बोलतो. वास्तविक मानोरा तालुक्यातील इंझोरीसारख्या गावी राहणाऱ्या शेतमजुराचा करयंत्रणेशी जो उघड, समोरासमोरचा संबंध येतो तो घरपट्टीतूनच. आयकर त्याला लागत नाही. वस्तू व सेवा कर तो साबणाच्या वडीबरोबर नकळत भरतो. घरपट्टीचे बिल मात्र त्याच्या नावाने, त्याच्या घराच्या क्रमांकासह दारात येते. त्या बिलावरील आकडा कोठून आला, असे विचारण्याचा आणि तो चुकीचा असल्यास दुरुस्त करून घेण्याचा हक्क त्याला कायद्याने दिलेला आहे. हा हक्क फार थोडे लोक वापरतात. तो का वापरावयाचा, कसा वापरावयाचा आणि त्याचा व्यापक अर्थ काय, हा आजच्या विवेचनाचा विषय होय.

प्रथम कायदा पाहू. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ अन्वये ग्रामपंचायतीस इमारती व जमिनी यांवर कर बसविता येतो. तो कसा बसवावयाचा, याचे नियम १९६० साली झाले. १९९९ साली क्षेत्रफळावर आधारित पद्धत आली. डिसेंबर २०१५ मध्ये नियम पुन्हा बदलले आणि भांडवली मूल्य हा आधार ठरला. जागेचे क्षेत्रफळ गुणिले जागेचा दर, अधिक बांधकामाचे क्षेत्रफळ गुणिले बांधकामाचा दर गुणिले घसारा. या बेरजेला वापराच्या भारांकाने गुणावयाचे, आणि येणाऱ्या मूल्यावर दर हजार रुपयांमागे ठरलेला कर लावावयाचा. झोपडी व मातीचे घर, मातीत बांधलेले दगडविटांचे घर, चुना किंवा सिमेंटातील पक्के घर आणि स्लॅबचे घर, अशा चार पायऱ्या त्यासाठी केलेल्या आहेत. पायरी चढली की कराचा दर चढतो. ही सारी माहिती नमुना आठच्या नोंदवहीत असते आणि दर चार वर्षांनी तिची फेरतपासणी व्हावयाची असते.

ही पद्धत कागदावर वाईट नाही. परंतु तिच्यात सारे काही गुणाकाराने चालते, आणि गुणाकारात शिरलेली चूक स्वस्थ बसत नाही. समजा, एका मजुराला घरकुल मिळाले. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेतील ग्रामीण घराचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर. हिशेबाच्या सोयीसाठी जागा ५० चौरस मीटर, तिचा दर ४०० रुपये, बांधकामाचा दर ८,००० रुपये, घर नवे म्हणून घसारा नाही, आणि कर हजारी एक रुपया असे धरू. जागेचे २०,००० व बांधकामाचे २,००,००० मिळून मूल्य २,२०,००० रुपये झाले. कर २२० रुपये. आता मोजणी करणाऱ्याने ओटा आणि शेळ्यांचे टिनाचे छप्पर त्यातच धरून बांधकाम ४० चौरस मीटर लिहिले, तर मूल्य ३,४०,००० आणि कर ३४० रुपये होतो. वर्षाला १२० रुपये जास्त, चार वर्षांत ४८० रुपये. रोजगार हमीची २०२४-२५ ची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. म्हणजे दीड दिवसाहून अधिक राबणे केवळ एका चुकीच्या आकड्यापायी गेले. मातीचे घर पक्क्या घराच्या रकान्यात पडले, तर बांधकामाचा दर आणि कराचा दर दोन्ही एकदम वाढतात. पुढच्या खोलीत किराण्याचे चार डबे मांडले म्हणून सारे घर व्यापारी ठरविले, तर भारांकही वाढतो. तीस वर्षांच्या भिंतीला नवी भिंत मानले, तर घसाऱ्याची सवलत बुडते. क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, वय आणि वापर, ही चूक होण्याची चार स्थाने कार्यकर्त्याने पाठ करून ठेवावीत.

रक्कम लहान आहे, तिच्यासाठी मानोऱ्याला हेलपाटे कोणी घालावेत, असे कोणी म्हणेल. आक्षेप खरा आहे, पण अपुरा आहे. घरपट्टीची थकबाकी ही केवळ पैशाची बाब राहत नाही. दाखला मागावयास गेलेल्या माणसास आधी पट्टीची पावती दाखव, असे ठिकठिकाणी सांगितले जाते. त्याहून गंभीर गोष्ट अधिनियमाच्या कलम १४ मध्ये आहे. मागणीचे बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत ग्रामपंचायतीचा कर न भरणारी व्यक्ती ग्रामपंचायतीची सदस्य होण्यास वा राहण्यास अपात्र ठरते. राखीव जागेवर उभ्या राहणाऱ्या शेतमजूर बाईचा अर्ज छाननीत बाद करावयाचा असेल, तर विरोधकास थकबाकीचा एक उतारा पुरतो. ज्याने आकारणी चुकीची म्हणून पट्टी थकविली परंतु अपील केले नाही, त्याची कैफियत त्या टेबलावर कोणी ऐकत नाही. म्हणून चुकीची आकारणी हा गरिबाच्या खिशाचा प्रश्न आहे तसा त्याच्या प्रतिनिधित्वाचाही प्रश्न आहे.

आता उपायाकडे वळू. पहिली पायरी हरकतीची. फेरआकारणीची यादी तयार झाली की ती प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात. बिल हातात येण्यापूर्वीची ही वेळ सर्वांत मोलाची असते, कारण दुरुस्ती गावातच होऊ शकते. दुसरी पायरी अपिलाची. बिल मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत पंचायत समितीकडे अपील करावयाचे, आणि तेथील निर्णय मान्य नसल्यास जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे जावयाचे. अर्जात गाऱ्हाणे थोडके आणि मापे नेमकी असावीत. नमुना आठचा उतारा, टेप लावून घेतलेले मोजमाप, घराचे छायाचित्र, घरकुलाच्या मंजुरीचा कागद, आणि गावठाणाचे ड्रोन सर्वेक्षण झालेले असल्यास मालमत्ता पत्रक, एवढे पुरावे सामान्य माणसास जमविता येतात. मागणीची रक्कम हरकत राखून भरावी, पावती जपावी आणि मग भांडावे. म्हणजे थकबाकीचा शिक्का बसत नाही. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. नमुना आठ ही कराची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. मालकीचा वाद अपिलात ओढून आणला की मूळ मुद्दा बुडतो.

या व्यवस्थेतील उणीवही स्पष्टपणे सांगितली पाहिजे. लोकनियुक्त पंचायत समितीची मुदत संपून तिच्यावर प्रशासक बसला, की ग्रामसेवकाच्या कामावर देखरेख करणारा अधिकारीच त्याच्या आकारणीविरुद्धचे अपील ऐकतो. आपल्याच खात्याची चूक कबूल करण्याचे धैर्य प्रत्येकाजवळ असतेच असे नाही. निवडणुका वेळेवर घेण्याची मागणी आणि अपिलाचा हक्क यांचा संबंध इतका जवळचा आहे.

आकारणीविरुद्ध भांडणे म्हणजे कर बुडविणे, हा समज मोडून काढावयास हवा. येथे १९२८ च्या बारडोलीचे स्मरण उपयोगी ठरेल. तत्कालीन मुंबई इलाख्याच्या सुरत जिल्ह्यातील त्या तालुक्यात सरकारने शेतसारा २२ टक्क्यांनी वाढविला. वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सारा रोखून धरला. परंतु त्यांची मागणी सारा माफ करा अशी नव्हती, निःपक्ष चौकशी करा अशी होती. पुढे ब्रूमफील्ड व मॅक्सवेल या दोन अधिकाऱ्यांनी गावोगाव जाऊन चौकशी केली. ज्या खंडाच्या आकड्यांवर वाढ उभी होती ते आकडे नीट तपासलेलेच नव्हते, असे आढळले, आणि वाढ सुमारे ६ टक्क्यांवर आली. सत्याग्रहाचे बळ मोठे होतेच. पण त्याचा निर्णय शेवटी आकड्यांच्या तपासणीने झाला. ॲडम स्मिथने १७७६ साली करनीतीची जी चार तत्त्वे मांडली, त्यांत निश्चितता हे एक होते. किती भरावयाचे आणि का भरावयाचे, हे कर देणाऱ्यास स्वच्छ कळले नाही तर तो कर घेणाऱ्याच्या मर्जीवर जगतो. भांडवली व्यवस्थेच्या या आद्य अर्थशास्त्रज्ञाचे एवढे म्हणणे समाजवाद्यांनी निःसंकोच उचलावे.

शहराकडे पाहिले म्हणजे विषमता अधिक उघडी पडते. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना जानेवारी २०२२ पासून मालमत्ता करात पूर्ण सूट मिळाली. घरकुलाचे २५ चौरस मीटर म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट. त्यावर गावात पट्टी आहेच. मुंबईतील भांडवली मूल्याच्या काही नियमांविरुद्ध मालमत्ताधारक न्यायालयात गेले. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने ते नियम रद्द केले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. भविष्यात होऊ शकेल अशा बांधकामावर आज कर नको, हा त्यातील मुद्दा होता. तो न्याय योग्यच झाला. परंतु वकील लावून वर्षानुवर्षे लढण्याची ऐपत संघटित मालमत्ताधारकांजवळ असते. इंझोरीच्या मजुराजवळ तीस दिवस असतात, आणि त्यांतले किती सोयाबीनच्या सोंगणीत जातील हे सांगता येत नाही.

परंतु हा विषय येथेच संपविला तर तो अर्धाच राहील. पट्टी कमी करा, एवढीच घोषणा समाजवादी कार्यकर्त्यास शोभणारी नव्हे. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळात ग्रामीण संस्थांच्या अनुदानाचा ६० टक्के भाग पाणी व स्वच्छता यांनाच बांधलेला होता. गावाने स्वतः ठरवून खर्चावयाचा पैसा म्हणजे मुख्यतः स्वतःच्या कराचा. त्या उत्पन्नातून १५ टक्के मागासवर्गीयांवर व १० टक्के महिला-बालकल्याणावर खर्च करण्याचे बंधन आहे. म्हणजे ज्याचे दुमजली स्लॅबचे घर मातीचे म्हणून लिहिले गेले, ज्याचे गोदाम निवासी ठरले, त्याने बुडविलेल्या प्रत्येक शंभर रुपयांतले पंधरा रुपये मागासवर्गीयांच्या वस्तीचे असतात. मोबाइलच्या मनोऱ्यांवर कर बसविण्याचा स्थानिक संस्थांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मान्य केला. तो मनोरा यादीत आहे की नाही, हेही विचारले पाहिजे. अपील करणारा माणूस केवळ स्वतःच्या घराच्या ओळीवर बोट ठेवतो. कार्यकर्त्याने सारी यादी वाचावी.

तेव्हा करावयाचे काम असे. माहितीच्या अधिकाराखाली नमुना आठची प्रत मिळवावी आणि ती ग्रामसभेत मोठ्याने वाचण्याचा आग्रह धरावा. घरागणिक चार रकाने तपासावेत. ज्यांच्यावर जास्त बसली त्यांचे अर्ज एकत्र, मुदतीत आणि पावती घेऊन दाखल करावेत. ज्यांच्यावर कमी बसली त्यांच्याविषयी ग्रामसभेत नम्रपणे परंतु नावानिशी प्रश्न विचारावा, मग ते घर पक्षाच्या हितचिंतकाचे का असेना. विधवा, वृद्ध आणि तांड्यावरील निरक्षर कुटुंबे यांचे मोजमाप आधी घ्यावे, कारण त्यांच्या दारी बिल वाचून दाखविणाराही नसतो.

गरिबाने आपल्या घराचे खरे माप सांगावे आणि श्रीमंतानेही सांगावे, एवढीच ही मागणी आहे. ती पुरी झाली तर पट्टी भरणारा माणूस ग्रामपंचायतीत अर्जदार म्हणून नव्हे, गावाचा भागीदार म्हणून पाऊल ठेवील. चार वर्षांची फेरआकारणी जेथे जवळ आली असेल तेथे टेप, वही आणि कॅलेंडर घेऊन उद्याच निघावे.