सायकल, अपघात आणि एक चुकलेली नोंद

(रौप्यमहोत्सवी वर्षातील ज्येष्ठ नागरिक मेळाव्यात सोसायटीच्या सभागृहात केलेले भाषण)



सचिवांनी मला मुदत ठेवी आणि नॉमिनेशनवर बोला असं सुचवलं होतं. मी म्हटलं, ते दरवर्षी होतं. या वेळी सायकलवर बोलतो. काही जण हसले. हसू द्या.

माझं वय ७४. १९७३ साली बँकेत क्लार्क म्हणून लागलो तेव्हा कोथरूडहून लक्ष्मी रोडच्या शाखेत सायकलनेच जात असे. तेव्हाचं पुणं सायकलींचं होतं. रात्री दिवा नसला किंवा डबलसीट दिसलं की पोलीस चाकातली हवा सोडायचा. आता रस्ता मोटारींचा झाला आहे. पण सायकल गेलेली नाही. पेपर टाकणारा मुलगा, कामाला येणाऱ्या एक-दोन ताई, वॉचमन, क्लासला जाणारी मुलं आणि माझ्यासारखे हट्टी म्हातारे अजून सायकलवरच आहेत.

आपले जुने रात्रपाळीचे वॉचमन काका बहुतेकांना आठवत असतील. २०२२ च्या ऑगस्टमध्ये पावसात ड्यूटीवर येताना आपल्याच वळणावर एका गाडीने त्यांना मागून उडवलं. गाडी थांबली नाही. कोणी म्हणे पांढरी कार, कोणी म्हणे टेम्पो. आम्ही चौघांनी त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. इथपर्यंत सगळं बरोबर झालं.

तिथे डॉक्टरांनी विचारलं, "काय झालं?" मी सांगितलं, "सायकलवरून पडले."

का सांगितलं? गाडीने उडवलं म्हटलं की पोलीस केस, जबाब, चौकीच्या खेपा. रात्रीचे साडेआठ वाजले होते. मला ते नको होतं. छत्तीस वर्षांच्या नोकरीत व्हाउचरशिवाय एक रुपयाची एंट्री न करणाऱ्या माणसाने त्या रात्री खोटी नोंद करवली.

काकांच्या पायात रॉड घातला. आपण वर्गणी काढली, पण ती एका महिन्याच्या औषधात संपली. पुढे एका वकील स्नेह्याने सांगितलं, वाहन सापडलं नाही तरी गंभीर जखमीला सरकारी योजनेतून ५०,००० रुपये मिळतात. मी धावपळ केली. पण केस पेपरवर 'सायकलवरून पडून दुखापत' लिहिलेलं. पोलिसांत तक्रार नाही, पंचनामा नाही. गेटच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग पंधरा दिवसांनी आपोआप पुसलं गेलेलं. काकांनी मला कधी दोष दिला नाही. काठी घेऊन ते गावी गेले.

म्हणून आज बोलतोय. आधी अपघात टाळण्याबद्दल.

एक, दिसा. काकांच्या सायकलला मागचा लाल रिफ्लेक्टर नव्हता. मडगार्डचा तुटला होता, आणि आपल्यापैकी कोणाच्या ते लक्षात आलं नव्हतं. मागे लाल, पुढे पांढरा दिवा, पावसाळ्यात फिकट रंगाचा रेनकोट. दोन, उभ्या मोटारींना घासून जाऊ नका. दार अचानक उघडतं. पूर्ण उघडलेल्या दाराला पुरेल एवढं अंतर ठेवा. आणि मोटारवाल्यांनो, दार उजव्या हाताऐवजी डाव्या हाताने उघडा. आपोआप मान मागे वळते आणि सायकलवाला दिसतो. तीन, सिग्नलला बस किंवा ट्रकच्या डाव्या बाजूने पुढे घुसू नका. तो डावीकडे वळला तर ड्रायव्हरला तुम्ही दिसत नाही. चार, उलट दिशेने जाऊ नका, 'इथल्या इथे तर जायचंय' म्हणूनही नाही. पाच, ब्रेकचे रबर महिन्याला बघा, हेल्मेटचा पट्टा लावा, कानात गाणी नकोत.

आता, एवढं करूनही अपघात झालाच तर.

सायकलला विमा लागत नाही, म्हणून आपल्याला काही मिळणार नाही असा समज आहे. तो चुकीचा. धडक देणाऱ्या मोटारीचा थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा आहे, आणि सायकलस्वार हाच तो थर्ड पार्टी. विमा नसेल तर मालकाला खिशातून द्यावं लागतं.

मार्ग तीन. पहिला, मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. आपल्याकडे शिवाजीनगर कोर्टात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली औषधोपचार, बुडालेली कमाई, आलेलं अपंगत्व या सगळ्याची भरपाई मागता येते. थोडी चूक आपली असली तर रक्कम त्या प्रमाणात कमी होते, दावा बुडत नाही. दावा अपघातापासून सहा महिन्यांत करावा असं कलम सांगतं, तेव्हा 'बघू दिवाळीनंतर' नको. दुसरा मार्ग कलम १६४ चा. यात चूक कोणाची हे सिद्ध करावं लागत नाही. मृत्यू झाल्यास ५ लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख. तिसरा, वाहन पळून गेलं आणि सापडलंच नाही तर कलम १६१. मृत्यूला २ लाख, गंभीर दुखापतीला ५०,०००. हा अर्ज प्रांत किंवा तहसीलदार कचेरीत होतो. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रिया, मुलं, दिव्यांग, अनुसूचित जाती-जमाती आणि कमी उत्पन्नाचे लोक यांना तिथे मोफत वकील मिळतो. शिवाय मे २०२५ पासून अपघातग्रस्तांना योजनेतल्या रुग्णालयात पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचारांची सोय आहे.

पण या सगळ्याला कागद लागतो. ११२ ला फोन. गाडीचा नंबर, निदान रंग आणि शेवटचे दोन आकडे. जागेचे आणि सायकलचे फोटो, सायकल हलवण्याआधी. साक्षीदाराचा मोबाईल नंबर. डॉक्टरांना खरं कारण. एफआयआरची प्रत, पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, मूळ बिलं एका फाईलमध्ये. आणि दोन हजार हातात ठेवून 'तक्रार नाही' असं लिहून मागतील, त्यावर सही करू नका. त्या दिवशी मुका मार वाटतो, एक्स-रे दुसऱ्या दिवशी वेगळंच सांगतो.

मला ज्याची भीती वाटली, तीही फुकट होती. कलम १३४अ प्रमाणे जखमीला मदत करणाऱ्याला स्वतःचं नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही, रुग्णालय त्याला अडवून ठेवू शकत नाही. हे मला माहीत असतं तर! पण माहीत करून घ्यायला मला कोणी मनाई केली होती?

कार्यकारिणीला तीन विनंत्या. वळणावर बहिर्गोल आरसा बसवावा. वॉचमनच्या केबिनमध्ये अपघातात काय करायचं याचा तक्ता लावावा, आणि अपघात झाला की त्याच दिवशी कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर काढून ठेवावं. इथे काम करणाऱ्या प्रत्येकाच्या सायकलला रिफ्लेक्टर आणि दिवा सोसायटीने द्यावा. शेवटच्या विनंतीचा पहिल्या वर्षाचा खर्च मी देतो. आणि कोणाला अशा कामात कागद लावायला मदत हवी असेल तर रविवारी दहा ते बारा मी सोसायटीच्या ऑफिसात बसेन. तेवढं काम मला येतं.

काकांचा दर दिवाळीला फोन येतो. "साहेब, सायकल चालवता का अजून?" मी हो म्हणतो. मी त्यांना तो प्रश्न उलट विचारत नाही.

घरी जाताना आपापल्या सायकलचं मागचं मडगार्ड तेवढं बघा.