गोलमध्ये उभं राहणारे

(लोणावळ्यातील युवक शिबिरात केलेले भाषण)



मी काही वक्ता नाही. लहानपणी कामशेतला गोलकीपर होतो, एवढंच. म्हणून आज दोन गोलकीपरांविषयी बोलतो. एक शेजारच्या गोव्यातले, दुसरे इजिप्तचे.

ब्रह्मानंद शंखवाळकर ताळगावचे, जन्म १९५४ चा. साळगावकर क्लबकडून ते वर्षानुवर्षं खेळले आणि १९८३ ते १९८६ भारताचे कर्णधार होते. १९८३-८४ ची संतोष ट्रॉफी गोव्याने जिंकली, आणि अख्ख्या स्पर्धेत गोव्यावर एकही गोल झाला नाही. गोलमध्ये ब्रह्मानंद होते. अर्जुन पुरस्कार मात्र १९९७ साली मिळाला, कर्णधारपद संपून अकरा वर्षांनी. पद्मश्री आली २०२२ मध्ये.

गोलकीपरचं असंच असतं. अडवलेले बॉल कोणी मोजत नाही, सुटलेला एक सगळ्यांच्या लक्षात राहतो. मुस्लिम तरुण म्हणून आपल्याला हे नवं नाही. एकाने चूक केली की हिशोब सगळ्यांकडे मागतात. पण मागच्या गोलचं रडत बसलेला कीपर पुढचा बॉलही सोडतो, हेही लक्षात ठेवा.

आता एसाम अल-हदारी. दमिएत्ता भागातला मुलगा. घरी कळू नये म्हणून चिखलाने माखलेले कपडे नदीत धुवून मग घरी जायचा, असं सांगतात. पुढे तो कैरोच्या अल-अहली क्लबचा कीपर झाला. २००६ च्या आफ्रिका कपच्या फायनलमध्ये पेनल्टी शूटआउटला त्याने द्रोग्बाचा फटका अडवला. २००६, २००८, २०१० असा तीनदा लागोपाठ इजिप्तने कप जिंकला. तरी वर्ल्ड कप नशिबात नव्हता, कारण १९९० नंतर इजिप्त तिथे पोहोचतच नव्हता. तो वाट पाहत राहिला आणि सराव करत राहिला. २५ जून २०१८ रोजी, वयाच्या ४५ व्या वर्षी, रशियात सौदी अरेबियाविरुद्ध मैदानात उतरला. वर्ल्ड कपमध्ये खेळलेला सर्वांत वयस्कर खेळाडू ठरला. त्या दिवशी त्याने एक पेनल्टी अडवली. दुसरी मात्र गोल झाली. इजिप्त २-१ ने हरला.

नदीत कपडे धुण्याची गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मी हसलो. कारण मीही इंद्रायणीत शर्ट पिळून घरी जायचो. अब्बांना कळायचंच. ओरडायचे, पण दुसऱ्या दिवशी जाऊ द्यायचे.

माझी धाकटी बहीण माझ्याबरोबर यायची. तिचे हात माझ्यापेक्षा चांगले होते. मी घाबरून मागे सरायचो, ती पुढे येऊन बॉलवर झेप घ्यायची. तेराव्या वर्षी तिचं येणं बंद झालं. ‘लोक काय म्हणतील’ एवढंच कारण. त्या रात्री जेवताना तिने माझ्याकडे पाहिलं. मी एक शब्द बोललो असतो, तर अब्बा कदाचित ऐकते. मी ताटाकडे बघत राहिलो. तो बॉल मी सोडला. बाहेरच्या कुणी मारलेला नव्हता तो.

आज तिची मुलगी अकरा वर्षांची आहे. गेल्या पावसाळ्यात तिने मला हळूच विचारलं, “मामू, ग्लव्हज किती रुपयांना मिळतात?” मी पुण्याहून आणून दिले. आणि या वेळी तिच्या अब्बूंशी मी स्वतः बोललो. ते लगेच हो म्हणाले नाहीत. तीनदा जावं लागलं. आता दर रविवारी ते स्वतःच तिला मैदानावर सोडतात.

तुमच्यापैकी प्रत्येकाच्या घरात बहीण, भाची, पुतणी आहे. मैदान असो, कॉलेज असो, नोकरी असो, कुणीतरी तिला थांबवेल. तेव्हा ताटाकडे बघू नका. बोला. एकदा बोलून भागलं नाही, तर तीनदा जा. तिचे कपडे चिखलाने भरू द्या, आणि ते तिला घरच्या नळावर, सगळ्यांसमोर धुता येऊ द्या.