रात्री कुणाला उठवाल?

(वसतिगृह अधीक्षक, शिक्षक व हितचिंतक यांच्या मेळाव्यात आरोग्यसेविका भगिनीने केलेले भाषण)



वसतिगृहातल्या ‘मित्र-शिक्षक’ उपक्रमाबद्दल मला बोलायला सांगितले आहे. तुमच्यापैकी काहींनी सरळ, काहींनी आडून विचारले : एचआयव्हीसारखा विषय मुलांनीच मुलांना कशाला सांगायचा? आम्ही आहोत की!

तुम्ही आहात हे खरे. पण नववीतली पावरा मुलगी अधीक्षिकाबाईंना या गोष्टी विचारणार नाही. तिच्या घरी पावरी, शाळेत मराठी. त्यात ‘संसर्ग’, ‘असुरक्षित संबंध’ हे आपले छापील शब्द. ती मान डोलावते आणि आपल्याला वाटते, कळले. तेच तिच्या बोलीत, ताटे घासता घासता दुसरी मुलगी सांगते तेव्हा लगेच उलटा प्रश्न येतो. तो उलटा प्रश्न आला की समजावे, शिकणे सुरू झाले.

म्हणून मित्र-शिक्षक निवडताना आम्ही पहिला नंबर पाहत नाही. मुलांना चिठ्ठीवर एवढेच लिहायला सांगतो : रात्री पोटात दुखले तर कुणाला उठवाल? गेल्या वर्षी सर्वांत जास्त चिठ्ठ्या नववीत नापास झालेल्या एका मुलीच्या नावाने निघाल्या. एक-दोन शिक्षक नाराज झाले. मी म्हटले, गणित शिकवायला तिला नेमलेले नाही.

एचआयव्ही कसा पसरतो हे सांगायला वेळ लागत नाही. बाधित व्यक्तीशी असुरक्षित शरीरसंबंध, बाधित रक्त, दूषित सुई, आणि बाधित आईकडून बाळाला. एका ताटात जेवल्याने नाही, डासाने नाही. खरी गंमत त्यानंतर प्रश्नपेटी उघडल्यावर. भोंगऱ्या बाजारात गोंदून घेतले तर? सगळ्यांना एकच सुई वापरत असतील तर धोका आहे. ‘ब’ कावीळ तर त्याहून सहज होते. नवी सुई, नवी शाई मागायची. हे उत्तर कोणत्याही पाठात नव्हते, पोरांच्या प्रश्नातून आले. ऊसतोडीला गुजरातेत जाणारी, उद्या सुरतेला कामाला लागणारी ही मुले आहेत. त्यांचे प्रश्न त्यांच्या वाटेवरचे असतात.

एकदा पेटीत चिठ्ठी निघाली : रोज गोळी घेतली तर माणूस किती वर्षे जगतो? ती मुलगी क्षणभर थांबली. अक्षर तिने ओळखले असावे. तिने कुणाकडे पाहिले नाही, मलाही नंतर सांगितले नाही, मी विचारलेही नाही. सगळ्यांना उद्देशून म्हणाली, वेळेवर औषध घेतले तर बाकीच्यांसारखेच म्हातारे होता येते, आणि औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते.

म्हणून माझी विनंती, कवटीची चित्रे भिंतीवरून काढा. ‘एड्स म्हणजे मृत्यू’ असे फलक खाटेच्या डोक्याशी लावतो तेव्हा त्या खाटेवर कोण झोपते हे आपल्याला ठाऊक नसते. २०१७च्या कायद्याने शाळेत भेदभाव करायला मनाई आहे, संमतीवाचून कुणाची स्थिती उघड करायलाही. प्रभूने कुष्ठरोग्याला हात लावला, हे आपण दर रविवारी मुलांना सांगणारी माणसे.

मुले बिघडतील, ही भीती जुनी आहे. २००७ साली याच भीतीपोटी आपल्या राज्यात शाळांतले लैंगिक शिक्षण थांबवले गेले. मुलांचे कुतूहल काही थांबले नाही, ते मोबाईलकडे वळले. संयमाची शिकवण आम्ही देतोच, मनापासून देतो. पण दहावीच्या मुलांना निरोधचे नावही घ्यायचे नाही, हे मला पटत नाही. त्यातली बरीच मुले वर्षभरात कामाला जातात.

आता मर्यादा. मित्र-शिक्षक डॉक्टर नाही. ‘मला माहीत नाही, विचारून सांगते’ हे वाक्य आम्ही त्यांच्याकडून पहिल्याच दिवशी घोकून घेतो. कुणी अंगाला वाईट हेतूने हात लावल्याचे कानावर आले तर ते गुपित राहत नाही, त्याच दिवशी सिस्टरांना सांगायचे. पोक्सो कायद्याने पुढची जबाबदारी आपली, मोठ्यांची आहे. त्या पोरीच्या डोक्यावर ते ओझे नको. तपासणीबद्दल विचारले तर ग्रामीण रुग्णालयातल्या समुपदेशकांकडे न्यायचे, नाहीतर १०९७ हा मोफत क्रमांक द्यायचा.

अधीक्षकांकडे मागणे थोडे आहे. शनिवारी एक तास आणि एक खोली, ज्यात मोठे माणूस डोकावणार नाही. दवाखान्याचे जाण्यायेण्याचे भाडे. दहावीची मुले निघून जातात, म्हणून जूनमध्ये शाळा उघडताच नव्या चिठ्ठ्या घ्या. आणि प्रश्नपेटीची किल्ली कार्यालयात ठेवू नका. ती मुलांकडेच असू द्या.