चाकांवरचे घर आणि मुक्कामाची जागा



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला विषय विचारला, तेव्हा मी म्हणालो, "घर घेऊन फिरायला गेलो होतो, त्याविषयी सांगेन." त्यांनी पत्रिकेत छापले, 'घरच्यांना घेऊन भ्रमंती'. त्यांचा दोष नाही. घर घेऊन कोणी फिरायला जाईल, हे आपल्याकडे एकदम ध्यानात येत नाही. तेव्हा आरंभीच खुलासा करतो. घरची मंडळी बरोबर होतीच; पण मी बोलणार आहे ते घराविषयी, आणि घरापेक्षाही अधिक ते जिथे उभे करायचे त्या जागेविषयी.

माझ्या एका मित्राने निवृत्तीनंतर पत्र्याचे, चौदा फूट लांबीचे, दोन चाकांचे एक घर बांधवून घेतले. आत झोपायला चौघांची सोय, एक शेगडी, मागच्या बाजूला पाण्याची टाकी आणि तिच्या शेजारी मोरी. जीपच्या मागच्या आकड्याला हे घर अडकवायचे आणि निघायचे. मार्च २०२४ मध्ये तो, त्याची पत्नी, मी आणि आमचे कुटुंब असे चौघे नागपुराहून निघालो. उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरी, गडचिरोली, चामोर्शी, आष्टी, आलापल्ली आणि शेवटी सिरोंचा. अकरा दिवस, जाऊन-येऊन आठशेच्या वर किलोमीटर. निघताना आमच्या मनात जो दिमाख होता, त्याची आज कबुली द्यायला हरकत नाही. आपण काही तरी नवीन करतो आहोत असे आम्हांला वाटत होते.

विलायतेत ही हौस जुनी. गॉर्डन स्टेबल्स नावाचे एक गृहस्थ होते, आरमारातले निवृत्त डॉक्टर आणि मुलांच्या साहसकथांचे लेखक. त्यांनी १८८५ साली अठरा फूट लांबीची लाकडी घरगाडी बांधवून घेतली आणि दोन घोडे जुंपून इंग्लंडातल्या बर्कशायरपासून थेट स्कॉटलंडातल्या इन्व्हर्नेसपर्यंत नेली. बरोबर गाडीवान होता, नोकर होता; तो नोकर तीनचाकी सायकलीवर पुढे जाऊन रस्ता मोकळा आहे की नाही ते पाहत असे. एवढ्या लवाजम्यानिशी निघालेल्या त्या गाडीचे नाव काय, तर 'वाँडरर', म्हणजे भटक्या! पुढे अमेरिकेत वॉली बायम यांनी चंदेरी पत्र्याची घरे काढली आणि १९५९-६० मध्ये अशा चाळीसएक घरांची रांग केप टाउनपासून कैरोपर्यंत नेली. आपल्या महाराष्ट्र शासनानेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण ठरवले. असो. हे सगळे वाचून आम्ही निघालो होतो, आणि पहिला धडा मिळाला तो मार्कंड्याला.

मार्कंडा म्हणजे चामोर्शीजवळचे वैनगंगेकाठचे देवस्थान. नदी तिथे उत्तरेकडे वळते, म्हणून त्या ठिकाणाचे माहात्म्य. महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. पूर्वी झाडीपट्टीतली माणसे या यात्रेला बंड्या जुंपून यायची. बंडीवर बांबूच्या तट्ट्याचे छप्पर, खाली तणसाची गादी, तीवर पोरेबाळे आणि म्हातारी, मागे तांदळाचे गाठोडे, जळण आणि बैलांचा चारा. नदीकाठी बंडी सोडली की तेच घर. आम्ही गेलो तेव्हा यात्रा उठत आली होती. मोटारी आणि ट्रॅक्टर पुष्कळ, पण दोन-चार बंड्याही होत्या.

आता एक गोष्ट तुमच्यापासून लपवीत नाही. गडचिरोली सोडल्यापासून आमचे घर डुलत होते. जीपचा वेग साठावर गेला की मागचे घर आधी थोडे डावीकडे, मग उजवीकडे, मग अधिक डावीकडे, असे शेपटी हलवू लागे, आणि जीपची मागची चाके त्याच्याबरोबर ओढली जात. मित्राने टायरांची हवा पाहिली, आकडा आवळला, इंग्रजी पुस्तिका दोनदा वाचली. काही उपयोग नाही. मार्कंड्याला आम्ही घर सोडवून उभे करीत असताना एक वृद्ध शेतकरी बंडीशेजारून उठून आले. आमच्या घराच्या पुढच्या दांडीखाली त्यांनी एक हात घातला, अर्धवट उचलून पाहिली आणि म्हणाले, "गाडी उलार झाली जी तुमची. वजन मागं बसलं."

उलार! म्हणजे आपला जुना 'उलाळ' शब्द. ज्यांच्या घरी बैलगाडी होती त्यांना तो समजावून सांगायला नको. ओझे आसाच्या मागे अधिक झाले की जू वर उचलले जाते, बैलांच्या मानेला फास बसतो आणि गाडी उलाळ होते. ओझे पुढे फार झाले की गाडी धुरजड होते, मग बैलांच्या खांद्यांवर भार येतो. गाडीवानाची सारी विद्या या दोन शब्दांच्या मधल्या जागेत आहे. आमच्या पुस्तिकेतही तेच होते: एकूण वजनाचा दहावा हिस्सा किंवा त्याहून थोडे अधिक पुढच्या आकड्यावर टेकले पाहिजे, नाहीतर वेगात घर झोके खाईल. पण ते आकड्यांत होते म्हणून आम्हांला कळले नाही. आमची पाण्याची टाकी पार मागे, शंभर लिटरची, काठोकाठ भरलेली. म्हणजे शंभर किलो ओझे शेपटीला बांधून आम्ही निघालो होतो. टाकी निम्मी रिकामी केली, तांदूळ-डाळीचे डबे आणि हत्यारांची पेटी पुढे सरकवली. आष्टीपर्यंत घर मुकाट्याने मागे आले. बैलांना जे मानेला कळते ते मोटारीला कळत नाही, एवढाच काय तो फरक.

आष्टीच्या जवळ चपराळ्याच्या बाजूला वर्धा आणि वैनगंगा एकत्र येतात आणि पुढे त्यांचे नाव प्राणहिता होते. तिथून दक्षिणेला जंगल दाट होत जाते. आलापल्लीच्या सागवानाची कीर्ती तुम्ही ऐकली असेल. तिथला जुन्या झाडांचा एक तुकडा राखून ठेवलेला आहे आणि २०१४ मध्ये त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. त्या झाडांच्या खाली उभे राहिले की टोपी सांभाळूनच वर पाहावे लागते. आलापल्ली ते सिरोंचा हे शंभरएक किलोमीटर कापायला आम्हांला जवळजवळ दीड दिवस लागला. ज्या खड्ड्यातून जीप सहज निघते त्यात तिच्या मागचे घर आदळते, कारण वळणावर मागची चाके पुढच्यांच्या मागून जात नाहीत. ती आतल्या बाजूने, आडवाट धरून येतात. आमच्या चहाच्या सहा कपांपैकी सिरोंच्याला पोचला तो एक.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. त्या वाटेवर एका संध्याकाळी अंधार पडत आला होता. कुठल्याही गावात शिरायचे तर घर वळवायला जागा हवी. एवढ्यात रस्त्यालगत एक मोठे झाड आणि त्याखाली स्वच्छ, झाडून काढल्यासारखी मोकळी जमीन दिसली. पालापाचोळा जाळून टाकलेला, गवत नाही, काटा नाही. माझा मित्र म्हणाला, "जणू आपल्यासाठीच कोणी अंगण सारवून ठेवले आहे." घर उभे केले, जेवलो, झोपलो. रात्रभर छतावर टप, टप असा आवाज. आम्हांला वाटले दव पडते आहे.

पहाटे चारच्या सुमारास दारावर थाप पडली. बाहेर कंदील, विजेरी, टोपल्या घेतलेल्या पाच-सहा बाया आणि दोन मुली. पुढच्या म्हातारीने घराकडे, मग माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "बाबूजी, तुमचं घर सरकवा जी. मोवा दबून राहिला."

ते मोहाचे झाड होते. मोहाची फुले रात्री गळतात आणि उजाडण्यापूर्वी वेचावी लागतात, नाहीतर गुरे, हरणे आणि अस्वले ती खाऊन जातात. खालचा पाला जाळून जमीन साफ करायची ती एवढ्यासाठी, की पांढुरकी फुले नजरेला पडावीत. फुले वाळवून साठवली की वर्षभर त्यांना गिऱ्हाईक असते, घरात खाण्याला उपयोग असतो. चैत्रातल्या या तीन-चार आठवड्यांवर कित्येक घरांचा मीठमिरचीचा खर्च अवलंबून आहे. कोणते झाड कोणत्या घराचे हे गावात ठरलेले असते. कायद्यानेही २००६ मध्ये वनहक्क मान्य केले, आणि याच जिल्ह्यात धानोऱ्याजवळच्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. आम्ही ज्याला मोकळी जागा समजलो ते तिचे खळे होते! पिकाने भरलेल्या खळ्यात मोटार घालून आम्ही रात्रभर घोरत होतो.

मग घर हलवण्याचा प्रसंग. तुमच्यापैकी ज्यांनी गाडीमागे गाडी जोडून उलटी हाकली असेल त्यांनाच ते दुःख कळेल. स्टीअरिंग डावीकडे फिरवावे तर घराची पाठ उजवीकडे जाते. अंधारात मित्र जीपमध्ये, मी मागे विजेरी घेऊन ओरडतो आहे, आणि त्या दोन मुली तोंडाला पदर लावून हसताहेत. अर्धा तास गेला. शेवटी आकडा सोडवला आणि बायांनीच हात लावून ते घर झाडाखालून ढकलून बाजूला केले. मी खिशात हात घातला. चुरडलेल्या फुलांचे पैसे द्यावेत म्हणून. म्हातारी म्हणाली, "पैसे नको जी. वरचा मोवा तेवढा झाडून द्या." छतावर दोन टोपल्या भरतील एवढी फुले पडली होती. साठीच्या वयात मी घरावर चढलो आणि चुलीपाशी ठेवायच्या झाडूने मोह लोटून खाली दिला. त्यानंतर जिथे थांबलो तिथे आधी विचारल्याशिवाय आम्ही आकडा सोडवला नाही. बहुतेक ठिकाणी 'थांबा' असेच उत्तर मिळाले.

पण हे 'थांबा' कोणाला मिळते? परतीच्या वाटेवर एका गावाच्या वेशीबाहेर गाडीलोहारांचा पाल पडलेला होता. एक गाडी बैलांची, एक जुना टेम्पो, भाता, ऐरण, आणि विळे-कोयत्यांची रास. आमच्या आकड्याची खीळ वाकली होती म्हणून आम्ही थांबलो. या लोकांची कथा प्रसिद्ध आहे. १५६८ मध्ये चितोड पडला तेव्हा गड परत मिळेपर्यंत घरात राहणार नाही, अशी शपथ त्यांच्या पूर्वजांनी घेतली, असे ते सांगतात. १९५५ च्या एप्रिलमध्ये पंडित नेहरू स्वतः त्यांना घेऊन चितोडगडावर गेले आणि शपथ सुटल्याचे जाहीर झाले. शपथ सुटली, चाके सुटली नाहीत. स्टेबल्ससाहेबांनी आपल्या गाडीला 'भटक्या' हे नाव अभिमानाने दिले, त्याच्या चौदाच वर्षे आधी, १८७१ मध्ये, त्यांच्याच सरकारने हिंदुस्थानात कायदा करून कितीतरी भटक्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले होते. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. वेशीवरच्या नजरा रद्द करणारा कायदा अजून कोणाला लिहिता आलेला नाही.

त्या लोहाराने भट्टीत खीळ लाल केली, चार घाव घालून सरळ केली, आणि ती निवेपर्यंत आमच्या घराभोवती एक चक्कर मारली. टायर चाचपले. दार उघडून आतली शेगडी, मोरी, पडदे पाहिले. मग हिंदीत विचारले, "किती दिवस राहू देतात तुम्हांला एका ठिकाणी?"

माझा मित्र म्हणाला, "पाहिजे तितके. कोणी हरकत घेत नाही."

"आम्हांला उद्या सकाळी उठायला सांगितले आहे," तो म्हणाला. कोणी सांगितले ते त्याने सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. खिळीचे दीडशे रुपये घेतले, नोटा दिव्यापाशी धरून पाहिल्या आणि बायकोकडे दिल्या.

आम्ही त्या रात्री तिथेच, त्यांच्या पालापासून थोड्या अंतरावर घर उभे केले. अर्थात त्यांना विचारून. सकाळी उठून चहाचे आधण ठेवले आणि दार उघडले, तेव्हा बैलगाडी निघून गेली होती, टेम्पो घरघरत रस्त्याला लागत होता, आणि भट्टीच्या जागी ओलसर राख होती.