डोंगरातील ओढा आणि समुद्रातील प्लास्टिक
(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेसाठी व्याख्यान)



मुरबाड किंवा शहापूर तालुक्यातील डोंगराळ गावच्या शाळेत समुद्राचा पाठ चालू असता मुलांना तो विषय दूरचा वाटतो, यात नवल नाही. त्यांच्यापैकी पुष्कळांनी समुद्र पाहिलेलाही नसतो. समुद्रात प्लास्टिकचा कचरा साचला आहे, मासे व कासवे मरत आहेत, असे शिक्षकाने सांगितले, तर मुले ते ऐकून घेतात व विसरून जातात. परंतु ठाणे जिल्ह्याचा नकाशा भिंतीवर टांगून नद्यांच्या रेघांवरून बोट फिरविले, म्हणजे हे अंतर फार कमी होते.

उल्हास नदी बोरघाटाच्या परिसरातील डोंगरांत उगम पावते आणि कर्जत, नेरळ, बदलापूर यांवरून वाहत कल्याणला येते. मुरबाडकडील बारवी तिला वाटेत मिळते. माळशेज घाटाच्या बाजूची काळू व शहापूर तालुक्यातील भातसा यांचेही पाणी कल्याणजवळ तिच्यात येते. अंबरनाथ व उल्हासनगर यांमधून वाहणारी वालधुनी तिला कल्याणपाशीच मिळते. येथून पुढे नदीची खाडी होते. तिचा मुख्य प्रवाह वसईजवळ अरबी समुद्रास मिळतो व एक फाटा ठाण्याच्या खाडीतून मुंबई बंदराकडे उतरतो. म्हणजेच या जिल्ह्यातील बहुतेक गावांच्या ओढ्यांचे पाणी शेवटी समुद्रास जाते. डोंगरपायथ्याच्या शाळेच्या अंगणात जूनमध्ये पडलेले खाऊचे वेष्टन ओढ्याच्या पहिल्या पुराबरोबर निघते आणि त्याच पावसाळ्यात खाडीत पोहोचू शकते. समुद्रात जाणारा कचरा मोठ्या प्रमाणावर जमिनीवरूनच, नद्यानाल्यांच्या वाटेने जातो, ही गोष्ट प्रथम मुलांच्या मनावर ठसली पाहिजे.

खाडीची स्थिती

नदीत पडलेली वस्तू एकाच दिशेने वाहत जाते. खाडीचे तसे नाही. तेथे दिवसातून दोनदा भरती येते व दोनदा ओहोटी लागते. ओहोटीने खाली गेलेला कचरा भरतीने पुन्हा वर येतो आणि प्रत्येक खेपेस त्यातील काही भाग काठच्या चिखलात व कांदळवनात अडकून राहतो. तिवरासारख्या झाडांची श्वसनमुळे चिखलातून वर आलेली असतात व त्यांतून झाड हवा घेते. या मुळांवर पिशव्यांचा थर बसला म्हणजे झाडाचा श्वास कोंडतो. याच चिखलात निवट्या, चिंबोऱ्या व कोळंबी वाढतात, आणि हिवाळ्यात येणारे रोहित पक्षी याच चिखलावर आपले अन्न शोधतात. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीचा समावेश रामसर कराराखालील आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत झाला. जगाने ज्या जागेचे मोल मान्य केले, तिच्याच चिखलात जिल्ह्याभरातील कचरा येऊन बसतो, ही विसंगती ध्यानात घेण्यासारखी आहे.

याची झळ सर्वांत आधी लागते ती खाडीवर पोट असणाऱ्या कोळी व आगरी कुटुंबांना. भरती-ओहोटीच्या ओढीवर लावलेल्या जाळ्यात मासळीबरोबर पिशव्या, बाटल्या व चिंध्या येतात. त्या निवडून काढण्यात वेळ जातो, जाळे फाटते आणि मासळी थोडीच पदरात पडते. प्राचीन काळापासून बंदर म्हणून नावाजलेले कल्याण याच खाडीवर वसले. १६५७ मध्ये ते स्वराज्यात आल्यावर आरमाराची जहाजे याच खाडीच्या काठी बांधली जाऊ लागली. इतिहासाच्या पाठात दुर्गाडीचे नाव घेताना त्या खाडीच्या आजच्या स्थितीविषयीही दोन शब्द सांगता येतील.

हा पदार्थ न कुजण्याचे कारण

प्लास्टिक हा पदार्थ फार जुना नव्हे. बेकलंड या शास्त्रज्ञाने १९०७ मध्ये बेकेलाइट तयार केले. पिशव्यांसाठी वापरले जाणारे पॉलिथीन १९३३ मध्ये इंग्लंडमध्ये सापडले, आणि आज सर्वत्र दिसणाऱ्या कानाच्या पिशवीचे पेटंट १९६५ मध्ये स्वीडनमधील सेलोप्लास्ट या कंपनीस मिळाले. पान, लाकूड, कापूस यांस कुजविणारे सूक्ष्मजीव कोट्यवधी वर्षांत तयार झाले. अवघ्या शंभर वर्षांच्या या नव्या पदार्थास पचवून टाकण्याची शक्ती मातीतील व पाण्यातील सामान्य जीवाणूंत जवळजवळ नाही. म्हणून तो कुजत नाही. उन्हाने तो कडक होतो, लाटांनी व वाळूने घासला जातो आणि त्याचे तुकडे होत जातात. पाच मिलिमीटरहून लहान तुकड्यांस सूक्ष्मप्लास्टिक म्हणतात. मासे व शिंपले ते अन्नाबरोबर गिळतात. मिठात ते आढळले आहे, आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील एका संशोधनात ते माणसाच्या रक्तातही आढळले.

या प्रश्नाचा आवाका मोठा आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, २०१५ पर्यंत जगात सुमारे ८३० कोटी टन प्लास्टिक तयार झाले व त्यांपैकी सुमारे ६३० कोटी टनांचा कचरा झाला. या कचऱ्यापैकी केवळ ९ टक्क्यांवर पुनःप्रक्रिया झाली, १२ टक्के जाळला गेला आणि ७९ टक्के कचराभूमीत किंवा उघड्यावर राहिला. एकट्या २०१० या वर्षात ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन प्लास्टिक जमिनीवरून समुद्रात गेले असावे, असा दुसऱ्या एका अभ्यासाचा अंदाज आहे.

उकिरडा व राब

काही शिक्षक म्हणतील की, हा शहरांचा प्रश्न आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवली येथे लाखो लोक राहतात व कचराही तेथेच होतो. हे म्हणणे बरेचसे खरे आहे. कल्याणच्या आधारवाडीचा कचऱ्याचा डोंगर खाडीच्या जवळच वर्षानुवर्षे वाढत गेला आणि २०२१ मध्ये तेथे कचरा टाकणे थांबविण्यात आले. परंतु शहरात निदान कचरा उचलण्यास गाडी येते. पुष्कळ खेड्यांत ती सोय नाही.

खेड्याची जुनी व्यवस्था उकिरड्याची होती. शेण, राख, पालापाचोळा, भाजीची देठे हे सारे उकिरड्यात पडे व त्याचे खत होऊन शेतात जाई. टाकलेली प्रत्येक वस्तू कुजत असे, म्हणून ही व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या निर्वेध चालली. आता त्याच उकिरड्यात शाम्पूच्या पुड्या, दुधाच्या व तेलाच्या पिशव्या आणि खाऊची वेष्टने पडतात. खत शेतात जाते, तेव्हा तीही जातात. भाताच्या रोपांसाठी उन्हाळ्यात राब भाजतात, त्यात पाल्याबरोबर प्लास्टिकही जळते. प्लास्टिकचा धूर आरोग्यास घातक असतो, आणि पीव्हीसीसारखे क्लोरीनयुक्त प्लास्टिक उघड्यावर जळले असता डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये निर्माण होतात. पिशवीत बांधून टाकलेले उष्टे अन्न गुरे पिशवीसकट खातात व ती त्यांच्या पोटात साचत जाते. तेव्हा समुद्राचा विचार क्षणभर बाजूस ठेवला, तरीही गोठा, शेत आणि मुलांचा श्वास यांच्यासाठी हा प्रश्न गावचाच ठरतो.

कायदा व त्याच्या मर्यादा

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. कल्याण व बदलापूर या भागांतही पुराने मोठी हानी झाली. नाले तुंबण्यास पातळ पिशव्यांचा हातभार लागतो, हे त्या वेळी सर्वांच्या नजरेस आले आणि पुढील वर्षी राज्याने ५० मायक्रॉनहून पातळ पिशव्यांवर बंदी घातली. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिकच्या पिशव्या व थर्माकोलची ताटे-वाट्या यांवर राज्यात व्यापक बंदी आली. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकावयाच्या कित्येक वस्तूंवर देशभर बंदी आहे. वेष्टने परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारे नियमही २०१६ पासून आहेत.

असे असूनही आठवड्याच्या बाजारात पातळ पिशवी मिळते, कारण ती मागणारे हात आहेत. शिवाय कुरकुरीत खाऊचे चकचकीत वेष्टन या बंदीच्या बाहेरच राहिले आहे. त्यात प्लास्टिक व ॲल्युमिनियम यांचे पातळ थर एकमेकांस चिकटविलेले असतात व ते वेगळे करणे कठीण असते. म्हणून भंगारवाला बाटली विकत घेतो, पण असे वेष्टन घेत नाही. ज्यास किंमत नाही ते ओढ्यात जाते. शाळेच्या आवारात सर्वांत जास्त सापडणारा कचरा नेमका हाच असतो.

स्वच्छतेच्या मोहिमांविषयीही स्पष्ट विचार हवा. मुंबईतील वर्सोवा किनारा अफरोज शाह यांनी २०१५ पासून नागरिकांना बरोबर घेऊन दर आठवड्यास साफ केला. संयुक्त राष्ट्रांनी २०१६ मध्ये त्यांचा गौरव केला, आणि मार्च २०१८ मध्ये त्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्राकडे जाताना दिसली. हे उदाहरण मुलांना जरूर सांगावे. परंतु तो किनारा पुनःपुन्हा साफ करावा लागला, हेही त्याबरोबर सांगावे. प्रत्येक भरतीने नवा कचरा येत राहतो. वरून येणारा ओघ कमी झाल्याखेरीज खालच्यांचे काम संपत नाही, आणि ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शाळा वरच्या बाजूस आहेत.

शाळेत काय करावे

पहिले काम मोजणीचे. वर्गात एक खोके ठेवून आठवडाभरातील वेष्टने त्यात टाकावीत व शनिवारी मुलांनी ती मोजून फळ्यावर लिहावीत. ४० मुलांच्या शाळेत प्रत्येकाने रोज एक वेष्टन टाकले, तर २०० दिवसांच्या शालेय वर्षात ८,००० वेष्टने होतात. हा गुणाकार मुलांनी स्वतः केला, म्हणजे भाषणाची गरज उरत नाही.

दुसरे काम प्रयोगाचे. जूनमध्ये शाळेच्या बागेत एक खड्डा करून त्यात सागाचे पान, सुती चिंधी, कागद व पिशवीचा तुकडा पुरावा आणि जागेवर खूण करावी. दिवाळीच्या सुट्टीनंतर खड्डा उकरून काय उरले ते मुलांनी वहीत लिहावे.

तिसरे काम नकाशाचे. गावच्या ओढ्यापासून समुद्रापर्यंतची वाट मुलांनी काढावी व वाटेतील गावांची नावे लिहावीत. कोणत्या गावचे लोक आपल्या गावावरून गेलेले पाणी पितात, हेही शोधावे. उल्हास नदीतून अनेक शहरांना पिण्याचे पाणी जाते, हे मुलांच्या तेव्हा आपोआप ध्यानात येईल.

चौथे काम सफाईचे, व त्यात वेळेस महत्त्व आहे. वर्षभर साचलेला कचरा पहिल्या पुराने निघतो. यास्तव ओढ्याकाठची सफाई उन्हाळी सुट्टीपूर्वी, एप्रिलमध्ये, ग्रामपंचायत व पालक यांच्या साहाय्याने करावी. काच, सुया व औषधांच्या बाटल्या मुलांनी हाताळू नयेत, ते काम मोठ्यांनी करावे. सफाईनंतर मुलांचे हात साबणाने धुऊन घ्यावेत. गोळा झालेले प्लास्टिक जाळू नये. ते धुऊन, वाळवून पोत्यात भरावे. डोंबिवलीतील ऊर्जा फाउंडेशनसारख्या संस्था असे स्वच्छ, कोरडे प्लास्टिक नागरिकांकडून गोळा करतात. पंचायत समितीमार्फत अशी काही व्यवस्था जवळ होऊ शकेल काय, हे मुख्याध्यापकांनी पाहावे.

घरांसाठी मोजक्याच गोष्टी सांगाव्यात. बाजारास जाताना कापडी पिशवी न्यावी. गरम चहा किंवा कालवण पातळ पिशवीत न घेता डबा न्यावा. लग्नकार्यात पळसाच्या किंवा केळीच्या पानांचा वापर करावा. गणपतीची आरास कागदाची व कापडाची करावी. निर्माल्य पिशवीसकट पाण्यात न सोडता झाडाच्या आळ्यात घालावे. खाडीवरील पुलावरून पिशवी भिरकावण्याची रीत श्रद्धेने पाळली जाते, पण देवास वाहिलेल्या फुलांबरोबर पिशवीही जलचरांच्या वाट्यास जाते, हे सौम्य शब्दांत सांगता येते.

सौम्यपणाविषयी विशेष काळजी घ्यावी. पाच रुपयांचा पुडा हा कित्येक मुलांचा एकमेव खाऊ असतो, आणि मजुरीस जाणाऱ्या आईस तोच सोयीचा असतो. ज्या मुलाच्या हाती वेष्टन दिसेल, त्यास वर्गात उभे करून बोलू नये. त्या घराने हा पदार्थ निर्माण केलेला नाही, आणि तो टाकण्यास योग्य जागाही त्यास कोणी दिलेली नाही. मुलास दोषी ठरविल्यास ते वेष्टन लपवून कुंपणापलीकडे टाकील. खोके वर्गात असेल आणि मोजणी सर्वांची असेल, तर तेच मूल ते स्वतःहून खोक्यात आणून टाकील.

संत गाडगेबाबांनी गावात पाऊल ठेवताच प्रथम हाती खराटा घेतला व कीर्तन मागाहून केले. शिक्षकाने हा क्रम लक्षात ठेवावा. ज्या शिक्षकाच्या स्वतःच्या हाती बाजारातून येताना कापडी पिशवी आहे आणि ज्याच्या शाळेमागे कचरा जळत नाही, त्याचा पाठ मुले घरी नेतात. येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक शाळेने आपल्या ओढ्याचा दोनशे पावलांचा काठ तरी स्वच्छ करून घ्यावा, आणि किती पोती प्लास्टिक निघाले याची नोंद शाळेच्या दप्तरी ठेवावी. पुढील वर्षी त्याच काठावर त्याहून कमी निघाले, तर काम योग्य दिशेने चालले आहे असे समजावे.