चालत्या गाडीचा हिशेब

(कशेळे, ता. कर्जत येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेवर 'लष्करी मालमोटारींची देखभाल व दुरुस्ती' हा विषय वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. समाजवाद्यांच्या शिबिरात वनजमीन, रोजगार हमी, पाणी, शिक्षण यांवर बोलावे. लष्कराच्या ट्रकांचे येथे काय प्रयोजन? शिवाय आपण युद्धखोरीचे विरोधक. शस्त्रांवरचा खर्च कमी करा म्हणणाऱ्यांनी लष्करी गाड्यांच्या नटबोल्टांची चर्चा कशासाठी करावी?

शंका रास्त आहे. मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवले. उत्पादन, बचत, गुंतवणूक यांवर पुष्कळ बोललो. पण उभे केलेले भांडवल टिकवतो कोण, हा प्रश्न आमच्या पाठ्यपुस्तकांनी 'घसारा' या एका शब्दात गुंडाळून ठेवला. त्या शब्दाच्या पोटात फार मोठ्या कामगारवर्गाचे श्रम दडलेले आहेत, आणि ते मला वर्गात नव्हे, घरात समजले.

आपण बसलो आहोत ती भूमी भाई कोतवालांची. त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. साम्राज्याची युद्धयंत्रणा कोणत्या धाग्यावर लोंबकळते आहे, हे माथेरानच्या त्या वकिलाने अचूक ओळखले होते. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर ते आणि हिराजी पाटील हुतात्मे झाले. त्याच १९४३ साली ब्रिटिश राज्यकर्त्यांनी हिंदी सैन्यात यंत्रदुरुस्तीचे स्वतंत्र दल उभारले. आज त्याला आपण ई.एम.ई. म्हणतो. बंदूक चालवणारा हात पुरेसा नाही, गाडी चालती ठेवणारा हातही तितकाच लागतो, हे दुसऱ्या महायुद्धाने साऱ्या जगाला शिकवले. १९४४ च्या ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात फ्रान्समध्ये अमेरिकी सैन्याने 'रेड बॉल एक्सप्रेस' नावाची मालमोटारींची अखंड रांग चालवली. ऐन भरात सहा हजारांच्या आसपास ट्रक रस्त्यावर होते. त्यांच्या चालकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कृष्णवर्णीय सैनिक होते. ट्रकांवर क्षमतेपेक्षा जास्त भार घातला, विश्रांती दिली नाही, देखभालीला वेळ ठेवला नाही. टायर फाटले, इंजिने बसली, सुटे भाग पुरेनात. सेनापतींची नावे इतिहासात राहिली. ट्रकाखाली उताणे पडून पाटे बदलणाऱ्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

माझे वडील खडकीच्या लष्करी वर्कशॉपात फिटर होते. १९७१ च्या डिसेंबरात मी शाळकरी मुलगा होतो. त्या दिवसांत वडील घरी येत ते मध्यरात्रीनंतर, आणि पहाटे पुन्हा डबा घेऊन बाहेर पडत. घासलेट आणि साबण लावूनही नखांतले काळे ग्रीस निघत नसे. एकदा त्यांनी मला लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक चालू इंजिनाला टेकवून दांडा कानाशी धरायला सांगितला. आत ठकठक ऐकू येत होती. "हे बेअरिंग बोलतंय," ते म्हणाले. "आज ऐकलं तर एका बेअरिंगवर भागतं. महिन्यानं ऐकलं तर क्रँक जातो. आणि ऐकलंच नाही, तर गाडी घाटात उभी राहते." भांडवलाच्या सिद्धांतावर पुढे मी बरीच जाडजूड पुस्तके वाचली, पण एवढ्या थोडक्यात तो सिद्धांत मला कोणी सांगितला नाही.

आता या कामाचे स्वरूप पाहू. लष्करी मालमोटार साध्या ट्रकासारखी दिसली, तरी ती पुढच्या चाकांनाही ताकद देऊन चिखलातून, वाळूतून, नदीच्या पात्रातून जाण्यासाठी बनवलेली असते. म्हणून तिच्यात सांधे अधिक, वंगणाच्या जागा अधिक आणि बिघडायला वावही अधिक. तिच्या देखभालीची पहिली पायरी म्हणजे चालक. निघण्यापूर्वी, वाटेतल्या थांब्यावर आणि परतल्यावर, अशी तीन वेळा त्याने गाडी तपासायची असते. चाकांचे नट, टायरमधली हवा, तेल, पाणी, पट्टे, ब्रेक. हवेच्या ब्रेकच्या टाकीत पाणी साचते. ते रोज काढून टाकावे लागते. काढले नाही तर लडाखच्या थंडीत त्याचा बर्फ होतो आणि ब्रेक दगा देतो. दुसरी पायरी युनिटच्या आणि फील्ड वर्कशॉपांची: क्लच, पाटे, इंजेक्टर, गिअरबॉक्स. शेवटची पायरी बेस वर्कशॉपची. तेथे इंजिन उतरवून पूर्ण सुटे करतात, प्रत्येक भाग धुऊन मोजतात, झिजलेला क्रँक घासून त्याला नव्या मापाची बेअरिंगे बसवतात, लायनर बदलतात, इंजिन जुळवून चाचणीच्या बाकावर चालवून पाहतात. अशा दुरुस्तीतून बाहेर पडलेली गाडी पुन्हा काही वर्षे सेवेत राहते. आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा: नुसती उभी ठेवलेली गाडीसुद्धा बिघडते. रबर सुकते, बॅटरी उतरते, टाकीत गंज धरतो. युद्ध नसते तेव्हाही हे काम थांबत नाही.

मग या श्रमाची किंमत आपल्या हिशेबात कोठे दिसते? राष्ट्रीय उत्पन्नाच्या गणितात नित्याची देखभाल ही उत्पादनासाठी खर्ची पडलेली बाब म्हणून वजा होते. संरक्षणाच्या अंदाजपत्रकात नवी गाडी भांडवली खर्चात पडते, तर कामगाराचे वेतन आणि नित्याचे सुटे भाग महसुली खर्चात. भांडवली खर्च वाढला की वर्तमानपत्रे 'आधुनिकीकरण' म्हणून मथळे देतात; महसुली खर्च वाढला की 'पगारावर उधळपट्टी' अशी ओरड होते. समजा, एका तुकडीकडे शंभर ट्रक आहेत आणि त्यांतले साठच चालू स्थितीत आहेत. दहा नवे घेतले तर सत्तर होतील. तितक्याच किंवा त्याहून कमी पैशात तीस जुने दुरुस्त झाले तर नव्वद होतील. पण दहा नव्या गाड्यांना हार घालता येतो, छायाचित्र काढता येते. तीस जुन्या गाड्यांच्या आत बसवलेल्या बेअरिंगांचे छायाचित्र कोण काढणार? आपल्या शंकेचे उत्तर येथेच आहे. शस्त्रखर्चाला आवर घालावा असे ज्यांना वाटते, त्यांनीच दुरुस्तीचा कैवार सर्वांआधी घेतला पाहिजे. जो देश असलेले टिकवतो, त्याला नवे घेण्यासाठी परक्याच्या दारात वारंवार उभे राहावे लागत नाही.

याला आपल्याच इतिहासातला दाखला आहे. स्वातंत्र्यानंतर कित्येक वर्षे आपले सैन्य महायुद्धातून उरलेल्या परदेशी गाड्यांवर चालत होते. गाडी परदेशी, म्हणून सुटा भागही परदेशी. तो मिळेना झाला की एका गाडीचे भाग काढून दुसरीला बसवायचे. कृष्ण मेनन संरक्षणमंत्री असताना जर्मनीच्या मान कंपनीशी करार झाला आणि १९५९ साली जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीतून 'शक्तिमान' ट्रक बाहेर पडू लागला. पुढे १९६९ साली उभी राहिलेली जबलपूरची व्हेईकल फॅक्टरी हे त्याचे घर झाले. त्या काळी सरकारी शस्त्रकारखान्यांत कॉफीची यंत्रे होतात, अशी मेनन यांची टिंगल होत असे. आपल्या चळवळीतल्या ज्येष्ठांनीही १९६२ साली उत्तर मुंबईत त्यांच्याविरुद्ध आचार्य कृपलानींचा प्रचार केला. मेनन यांच्या चीनविषयक धोरणावर आपली टीका होती आणि ती योग्यच होती. पण शक्तिमानचे श्रेय नाकारणे अन्यायाचे होईल. त्या ट्रकाने सैन्याला वाहन दिलेच. त्याशिवाय हजारो फिटर, टर्नर आणि मेकॅनिकांना एकच यंत्र पिढ्यान् पिढ्या आतून-बाहेरून ओळखण्याची संधी दिली. शक्तिमानच्या जागी पुढे अशोक लेलँडचा 'स्टॅलियन' आणि टाटांचे ट्रक आले, तरी त्या हातांत मुरलेली विद्या कामी आली.

ही विद्या सार्वजनिक मालकीची आहे, हे आपण विसरू नये. एस. एम. जोशींनी खडकी-देहू रोडच्या संरक्षण कामगारांची संघटना बांधली, त्यांच्या अखिल भारतीय महासंघाचे अध्यक्षपद भूषवले. एसेमना युद्धाचे प्रेम नव्हते. पण सैन्याच्या गाडीखाली झोपून काम करणारा माणूस आधी कामगार आहे, हे ते जाणत होते.

आता आजच्या प्रश्नाकडे येतो. लेफ्टनंट जनरल शेकटकर यांच्या समितीने २०१६ साली अहवाल दिला आणि २०१७ साली सरकारने त्यातील अनेक शिफारशी स्वीकारल्या. त्यांत दुरुस्ती-व्यवस्थेच्या फेररचनेचा भाग होता. बेस वर्कशॉपांची मालकी सरकारकडे ठेवून ती कंत्राटदाराकडून चालवून घ्यावीत, असा विचार पुढे आला. १ ऑक्टोबर २०२१ रोजी ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून त्याचे ४१ कारखाने सात कंपन्यांत वाटले गेले. जबलपूरची व्हेईकल फॅक्टरीही त्यांतच आली. त्याच वर्षी संरक्षण उत्पादनातील संपावर बंदी घालणारा कायदा झाला. त्याची मुदत वर्षाची होती; पण सरकार कामगाराकडे कोणत्या नजरेने पाहते, ते त्यातून कळले. हा प्रवाह केवळ आपल्याकडचा नाही. ब्रिटनने आपल्या सैन्याच्या वाहनदुरुस्तीची सरकारी संस्था २०१५ साली बॅबकॉक या खाजगी कंपनीला विकली.

येथे आपण प्रामाणिक राहिले पाहिजे. सरकारी वर्कशॉपांत सारे आलबेल होते, असे मी म्हणणार नाही. महालेखापरीक्षकांनी तेथील विलंबावर आणि सुट्या भागांच्या तुटवड्यावर बोट ठेवले आहे. भाग वेळेवर न आल्याने कामगार रिकामा बसतो आणि मग 'सरकारी कामगार आळशी' असा शिक्का त्याच्यावर बसतो. आपल्या संघटनांनीही वेतन-भत्त्यांच्या मागण्या जितक्या जोराने मांडल्या, तितक्या जोराने कामाच्या दर्जाच्या मागण्या मांडल्या नाहीत, हेही कबूल केले पाहिजे.

पण या रोगावर कंत्राट हे औषध आहे काय? कंत्राटदाराला कामागणिक पैसे दिले तर काम वाढण्यात त्याचा लाभ. बेअरिंग बोलताना ऐकण्यात त्याचा लाभ नाही. गाडी चालू राहील त्या दिवसाचे पैसे देऊ, असे म्हटले तर ते अधिक न्याय्य दिसते. परंतु लष्करी गाडीचा वापर बाजाराच्या मागणीसारखा ठरत नाही. दहा वर्षे संथ जातात आणि दहा दिवसांत सारे पणाला लागते. त्या दहा दिवसांसाठी दहा वर्षे माणूस, हत्यारे आणि भागांचा साठा राखून ठेवणे नफ्याच्या गणितात कधीच बसत नाही. शिवाय अकरा महिन्यांच्या करारावर घेतलेला मुलगा इंजिनाचा आवाज ओळखायला शिकेपर्यंत त्याची मुदत भरते. विद्या साठायची तर माणूस टिकावा लागतो.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. संरक्षणखर्चाच्या चर्चेत किती नव्या गाड्या घेतल्या यापेक्षा असलेल्यांपैकी किती चालू आहेत, याला महत्त्व द्यावे. सुटे भाग मागवण्याच्या कामात वर्कशॉपच्या कामगारांना अधिकार असावा, कारण काय झिजते ते त्यांनाच ठाऊक असते. आयटीआयमधून निघालेल्या मुलांना शिकाऊ म्हणून घेऊन पुढे कायम करावे. आणि आपल्या संघटनांनी कामाच्या दर्जाची जबाबदारी उघडपणे अंगावर घ्यावी. एस.टी.चे उदाहरण आपल्या शेजारी आहे. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळांनी महाराष्ट्राची लाल गाडी खेड्यापाड्यांत पोचती ठेवली. आज सकाळी कर्जतहून येताना चालकाने सुटण्यापूर्वी खाली उतरून प्रत्येक चाकावर हात मारून पाहिला. त्या हाताच्या थापेत सार्वजनिक सेवेची सारी परंपरा होती.

शेवटी, या तालुक्यांतल्या माणसांना हा विषय दूरचा वाटू नये म्हणून दोन आठवणी. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली गेले, तेव्हा सैन्य मदतीला धावले. पुराच्या पाण्यात उतरलेली गाडी परत आली की तिच्या आसातले आणि गिअरबॉक्समधले तेल काढून पाहावे लागते. ते दुधासारखे पांढरट झाले असेल तर आत पाणी शिरले आहे; बदलले नाही तर पुढच्या पुरात ती गाडी निघणार नाही. आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री आपल्या शेजारी, खालापूर तालुक्यात, इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वर रस्ता नव्हता. बचावाला आलेली माणसे चिखलातून पायी चढली. पण डोंगराच्या पायथ्यापर्यंत त्यांना आणि त्यांच्या सामानाला आणणारी वाहने मध्यरात्री पहिल्या चावीला सुरू व्हावी लागतात. ती सुरू होतात याचा अर्थ, कोणी तरी कोणत्या तरी शांत दुपारी, कोणी पाहत नसताना, आपले काम नीट केलेले असते.

त्या दुपारची किंमत ओळखणारे अर्थशास्त्र आपल्याला उभे करायचे आहे. ते काम आपण हाती घ्यावे, एवढी विनंती करून मी थांबतो.